दुसऱ्या संसारात मूल झाल्यावर पहिल्या मुलाच्या पोटगीचे काय होते? आदेशात बदल मागण्याची पद्धत

माझ्या पहिल्या विवाहातील मुलीला दरमहा १२,००० रुपये पोटगी द्यावी, असा आदेश कुटुंब न्यायालयाने केला तेव्हा ती चार वर्षांची होती. घटस्फोटानंतर मी पुन्हा विवाह केला आणि आम्हाला मुलगा झाला. त्याच्या जन्मानंतरच्या महिन्यापासून मी मुलीसाठी १२,००० ऐवजी ८,००० रुपये भरू लागलो. दोन मुले झाली की पोटगी आपोआप विभागली जाते, असे एका नातेवाइकाने मला सांगितले होते आणि मी ते पडताळून पाहिले नाही. अकरा महिन्यांनी वसुलीच्या अर्जाची नोटीस आली, तेव्हा थकबाकी ४४,००० रुपये झाली होती, आणि त्या वर्षीचे शाळेचे शुल्क मुलीच्या आईने उसने पैसे घेऊन भरले होते. ती थकबाकी मी फेडली, नंतर रीतसर अर्ज केला आणि रक्कम थोडी कमीही झाली. जे काम अर्जाने व्हायला हवे होते ते मी परस्पर केले, आणि त्याची झळ एका लहान मुलीला बसली. ती वेळ इतर कोणत्या मुलावर येऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे. पोटगी देणारे आणि मुलासाठी ती घेणारे, अशा दोघांनाही तो उपयोगी पडावा. येथील माहिती भारतातील कायद्यापुरती आहे.

१. मूल जन्माला आल्याने आदेश बदलत नाही, हे आधी समजून घ्या

काही देशांत पोटगीचे ठरलेले कोष्टक असते. एका मुलासाठी उत्पन्नाचे इतके टक्के, दोन मुलांसाठी इतके, आणि देणाऱ्याच्या घरात आणखी मूल आले की अमुक टक्के वजावट. इंटरनेटवर अशी कोष्टके सहज सापडतात आणि अनेक जण ती आपल्यालाही लागू आहेत असे समजतात. भारतात असे कोष्टक नाही. मुलाच्या गरजा, दोन्ही पालकांचे उत्पन्न, राहणीमान आणि इतर जबाबदाऱ्या पाहून न्यायाधीश रक्कम ठरवतात.

याचा अर्थ नव्या मुलाचा विचारच होत नाही असा नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २३ मध्ये रक्कम ठरवताना कोणत्या बाबी पाहायच्या याची यादी आहे, आणि निर्वाहाचा हक्क असलेल्या व्यक्तींची संख्या ही त्यांपैकी एक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली कल्याण डे चौधरी विरुद्ध रीटा डे चौधरी या प्रकरणात नेमका हाच मुद्दा विचारात घेतला. उच्च न्यायालयाने पत्नी व मुलासाठी दरमहा २३,००० रुपये ठरवले होते. पतीने दुसरा विवाह केला आहे आणि त्या विवाहापासून त्याला मूल आहे, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम २०,००० रुपये केली.

या निकालाचा दाखला देणारे बहुतेक जण रक्कम कमी झाली एवढेच सांगतात. ती किती कमी झाली हे पाहा: २३,००० मधून ३,००० रुपये, म्हणजे साधारण १३ टक्के. दुसरे मूल झाले म्हणून पहिल्याची रक्कम निम्मी झाली, असे तेथे घडलेले नाही. याच निकालात पत्नीच्या पोटगीसाठी पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के हे प्रमाण योग्य ठरू शकते असे म्हटले आहे. परंतु तो प्रत्येक मुलाला लागू होणारा ठरीव दर नाही. तुमचा वकील ‘इतके टक्के नक्की मिळतील’ असे सांगत असेल, तर ते कशाच्या आधारावर हे जरूर विचारा.

२. तुमचा आदेश कोणत्या कायद्याखाली झाला आहे ते शोधा

बदलाचा अर्ज कोणत्या कलमाखाली करायचा हे मूळ आदेशावर अवलंबून असते. आदेशाच्या पहिल्या पानावर अर्जाचा क्रमांक आणि कलम लिहिलेले असते.

आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली असेल, तर बदलाची तरतूद त्या संहितेच्या कलम १२७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून, आता पोटगीसाठी कलम १४४ आणि बदलासाठी कलम १४६ आहे. ही तरतूद सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. आदेश हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली, म्हणजे घटस्फोटाच्या दाव्यातच मुलाच्या ताबा, शिक्षण व निर्वाहासाठी झाला असेल, तर त्याच कलमाखाली बदल मागता येतो. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाखालील रकमेसाठी त्या अधिनियमाचे कलम २५ आहे, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील आदेशासाठी त्या कायद्याच्या कलम २५ चे पोटकलम २.

या सर्व तरतुदींत शब्द थोडे वेगळे असले तरी गाभा एकच आहे: परिस्थितीत बदल झाल्याचे तुम्हाला सिद्ध करावे लागते. अर्ज सर्वसाधारणपणे ज्या न्यायालयाने आदेश दिला तेथेच करावा लागतो.

एकाच मुलासाठी दोन वेगवेगळ्या न्यायालयांचे आदेश असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. तसे असेल तर दोन्ही आदेश अर्जात नमूद करा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या कार्यवाहीची माहिती देणे अर्जदाराला बंधनकारक केले आहे, आणि आधीच्या आदेशात बदल हवा असल्यास तो त्याच कार्यवाहीत मागावा असेही सांगितले आहे.

३. अर्जापूर्वी घरी बसून प्रामाणिक हिशेब करा

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि बहुतेक जण तो वगळतात.

आदेशाच्या वेळचे निव्वळ उत्पन्न आणि आजचे निव्वळ उत्पन्न शेजारी शेजारी लिहा. समजा, आदेश झाला तेव्हा हातात ६०,००० रुपये येत होते आणि पोटगी १२,००० ठरली. म्हणजे उत्पन्नाचा पाचवा भाग. आज हातात ७८,००० रुपये येतात आणि घरात नवे मूल आहे. पोटगी १२,००० च असल्याने ती आता उत्पन्नाच्या साधारण १५ टक्के झाली आहे. पोटगी देऊन तेव्हा ४८,००० रुपये उरत होते, आज ६६,००० उरतात. अशा स्थितीत नव्या मुलाचा खर्च वाढलेल्या पगारातून भागतो, असे न्यायालय म्हणू शकते, आणि उलट पहिल्या मुलाचे वय व शिक्षणाचा खर्च वाढल्यामुळे समोरून वाढीव रकमेची मागणी येऊ शकते. कपात मागायला गेलेल्यांवर वाढीचा अर्ज आल्याची उदाहरणे न्यायालयाच्या आवारात बसल्यावर ऐकायला मिळतात. उत्पन्न तेवढेच राहिले असेल किंवा घटले असेल, नव्या मुलाचे आजारपण असेल, तर तुमची बाजू वेगळी आणि बळकट असते.

उत्पन्नातून काय वजा करायचे, यातही गफलत होते. आयकर आणि सक्तीची भविष्य निर्वाह निधीची कपात यांसारख्या कायद्याने होणाऱ्या वजावटी साधारणपणे मान्य होतात. गाडीच्या कर्जाचा हप्ता, स्वेच्छेने वाढवलेली बचत, विम्याचे हप्ते किंवा सहकारी पतसंस्थेचे कर्ज दाखवून ‘हातात काहीच उरत नाही’ असे म्हणणे टिकत नाही. मी घरासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मोठ्या विश्वासाने दाखवला होता; न्यायालयाने तो तुमचा स्वतःचा आर्थिक निर्णय आहे असे सांगून बाजूला ठेवला.

दुसऱ्या जोडीदाराचे उत्पन्नही लपवू नका. त्यांच्यावर पहिल्या मुलाच्या पोटगीची कायदेशीर जबाबदारी येत नाही. परंतु नव्या मुलाच्या खर्चात त्यांचाही वाटा असतो, आणि ‘नव्या मुलाचा सगळा भार माझ्या एकट्यावर आहे’ हे म्हणणे खरे आहे की नाही ते त्यावरून ठरते. हाच न्याय पहिल्या मुलाच्या आईलाही लागतो. ती कमावती असेल तर मुलाच्या खर्चात तिचाही वाटा धरला जातो. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या २००० सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वडील व आई यांचा वाटा त्यांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात दोनास एक असा धरला होता.

४. कागदपत्रे गोळा करा

मी अर्जासोबत पुढील कागद जोडले होते.

• मूळ आदेशाची प्रमाणित नक्कल (साधी झेरॉक्स चालत नाही, नक्कल विभागात अर्ज करून ती मिळवण्यात वेळ जातो, म्हणून हे काम प्रथम करा)
• आदेशाच्या तारखेपासून आजपर्यंत भरलेल्या पोटगीचा बँक खातेउतारा
• नव्या मुलाचा जन्मदाखला आणि दुसऱ्या विवाहाची नोंदणी
• आदेशाच्या वेळच्या आणि सध्याच्या पगारपत्रिका, फॉर्म १६ आणि मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे
• नव्या मुलाच्या खर्चाच्या पावत्या: लसीकरण, औषधोपचार, पाळणाघर
• उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र

शेवटचे प्रतिज्ञापत्र हा या अर्जाचा कणा आहे. रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने त्याचा नमुनाच ठरवून दिला असून, शेतीवर व ग्रामीण उत्पन्नावर अवलंबून असणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्यात अवलंबून असलेल्या व्यक्तींचा रकाना असतो: नाते काय, त्यांचे स्वतःचे उत्पन्न आहे का, आणि त्यांच्यावर अंदाजे किती खर्च होतो. नवे मूल येथे नोंदवायचे असते. आकडे गोल करून लिहू नका. जेथे पावती आहे तेथे पावतीतील आकडा लिहा. प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिल्यास त्याबद्दल स्वतंत्र फौजदारी कारवाई होऊ शकते.

५. अर्ज लिहा आणि दाखल करा

अर्जात चार गोष्टी याच क्रमाने याव्यात: मूळ आदेश कधी व किती रकमेचा होता, तो आजवर कसा पाळला, त्यानंतर परिस्थितीत नेमका कोणता बदल झाला, आणि आता किती रक्कम देणे शक्य आहे. शेवटचा आकडा स्पष्ट लिहा. ‘योग्य ती कपात करावी’ असे मोघम लिहिले तर अर्जदाराने विचारच केलेला नाही असे वाटते.

पहिल्या मुलाच्या आईविषयीच्या तक्रारी या अर्जात आणू नका. भेटीचे वेळापत्रक पाळले जात नसेल तर त्यासाठी वेगळा अर्ज असतो. भेट मिळत नाही म्हणून पोटगी कमी करा, ही मागणी मुलाला दोनदा शिक्षा करण्यासारखी आहे आणि न्यायालयालाही ती रुचत नाही.

कुटुंब न्यायालयात वकील हा हक्क म्हणून मिळत नाही. न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि ती बहुधा दिली जाते. खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. पुरुषांना साधारणपणे उत्पन्नाची मर्यादा लागू असते.

नोटीस बजावल्यानंतर प्रकरण बहुधा विवाह समुपदेशकांकडे पाठवले जाते. त्या बैठकीला केवळ हजेरी लावण्यासाठी जाऊ नका. आमच्या प्रकरणातील निम्मा गुंता तेथेच सुटला, कारण दोन्ही मुलांचे खर्च पहिल्यांदाच एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले गेले, आणि मुलीच्या चष्म्याचा व दातांच्या उपचारांचा खर्च मला तोवर ठाऊकच नव्हता हे मला तेथे कळले.

६. अर्ज चालू असताना पूर्ण रक्कम भरत राहा

अर्ज दाखल केल्याने जुना आदेश थांबत नाही. निकाल लागेपर्यंत पूर्वीचीच रक्कम, ठरलेल्या तारखेला, बँकेमार्फत भरत राहा. रोख देऊ नका; दिली असेल तर सहीची पावती घ्या. शाळेचे शुल्क किंवा कपडे परस्पर घेऊन ती रक्कम पोटगीतून वळती करू नका, कारण आदेशात तसे लिहिलेले नसेल तर ती वजावट मान्य होईलच असे नाही.

आदेश मोडल्यास न्यायालय वसुलीचे वॉरंट काढू शकते, आणि नंतरही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. कैद भोगली म्हणजे देणे फिटले, हा समजही चुकीचा आहे. १९८९ च्या कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की कैद हा वसुलीचा मार्ग असून देणे त्यानंतरही कायम राहते.

आणखी एक सापळा तोंडी संमतीचा आहे. मुलाच्या आईने मोबाइलवर ‘ठीक आहे, सध्या कमी द्या’ असा संदेश पाठवला तरी आदेश बदलत नाही. पोटगीचा हक्क मुलाचा आहे. आई ती रक्कम त्याच्या वतीने स्वीकारते. खरोखर एकमत झाले असेल तर तडजोडीचा लेखी अर्ज दोघांच्या सह्यांनी न्यायालयात द्या आणि त्यावर आदेश करून घ्या.

७. असा अर्ज तुमच्या मुलाविरुद्ध आला असेल तर

तुम्ही मुलासाठी पोटगी घेत असाल आणि कपातीची नोटीस हाती पडली असेल, तर घाबरून जाऊ नका आणि ती बाजूलाही ठेवू नका. दिलेल्या तारखेला हजर राहिले नाही तर एकतर्फी आदेश होऊ शकतो. तुमचे लेखी म्हणणे आणि तुमचेही उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे लागते.

म्हणणे मांडताना नव्या बाळावर राग काढू नका. त्याचाही हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. भर द्यायचा तो तीन गोष्टींवर. आदेशानंतर वडिलांचे उत्पन्न किती वाढले, तुमच्या मुलाचा खर्च वयाबरोबर किती वाढला, आणि नव्या घरात दुसरा कमावता पालक आहे का. शाळेच्या शुल्काच्या पावत्या, शिकवणीचे, बसचे आणि औषधांचे पुरावे वर्षानुसार लावून द्या. खर्च वाढलेला असेल तर केवळ कपातीला विरोध करून थांबू नका. वाढीचा स्वतःचा अर्जही त्याच वेळी करा.

थकबाकी असेल तर मुदतीकडे लक्ष द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली वसुलीचे वॉरंट मिळवण्यासाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘आज ना उद्या देतील’ म्हणून दीड वर्ष थांबलेल्या एका भगिनीच्या सहा महिन्यांच्या रकमेबाबत नेमकी हीच अडचण उभी राहिली होती.

८. मुलांची संख्या बदलते असे इतर प्रसंग

विभक्त होताना पत्नी गरोदर असेल आणि आदेश थोरल्या मुलापुरताच झाला असेल, तर नंतर जन्मलेल्या मुलासाठी नवा अर्ज करावा लागतो. तेही त्याच वडिलांचे मूल असले तरी जुन्या आदेशात ते आपोआप येत नाही.

आईने पुनर्विवाह केला आणि तिला आणखी मूल झाले, तर तिची स्वतःची पोटगी बंद होऊ शकते. पहिल्या मुलाची मात्र होत नाही. सावत्र वडील घरात आले म्हणून जन्मदात्या वडिलांची जबाबदारी संपत नाही.

पहिला विवाह कायद्याने संपण्यापूर्वीच दुसरा संसार थाटला असेल, तर तो विवाह अवैध ठरू शकतो, परंतु त्यातून जन्मलेल्या मुलाचा पोटगीचा हक्क जात नाही. कलम १४४ मध्ये औरस व अनौरस दोन्ही प्रकारच्या मुलांचा उल्लेख आहे.

संख्या कमी होण्याचा प्रसंगही येतो. दोन मुलांसाठी मिळून एकच रक्कम ठरली असेल आणि थोरले १८ वर्षांचे झाले, तर निम्मी रक्कम स्वतःहून बंद करू नका. येथेही बदलाचा अर्जच करावा लागतो. कलम १४४ खाली सज्ञान मुलाला शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तरच पोटगी चालू राहते. अविवाहित मुलीची गोष्ट वेगळी आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे, स्वतःचा निर्वाह करू न शकणारी अविवाहित मुलगी सज्ञान झाल्यावरही वडिलांकडे निर्वाह मागू शकते, आणि २०२० च्या अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे.

९. आदेश हाती आल्यावर

नव्या आदेशात रक्कम वाचण्याआधी तारीख वाचा. बदल अर्जाच्या तारखेपासून लागू आहे की आदेशाच्या तारखेपासून, यावर पुढचा हिशेब अवलंबून असतो. अर्ज करण्यापूर्वीची थकबाकी या बदलाने माफ होत नाही. रक्कम वाढली असेल तर फरक किती हप्त्यांत द्यायचा हे आदेशात नसल्यास त्याच वेळी न्यायालयाकडून लिहून घ्या. आदेश मान्य नसेल तर वरच्या न्यायालयात जाण्याची मुदत वकिलांना लगेच विचारा, कारण ती नक्कल हाती येईपर्यंत थांबेल असे गृहीत धरू नये.

त्यानंतर बँकेत जाऊन नव्या रकमेची स्थायी सूचना द्या आणि जुनी रद्द करा. माझ्या खात्यातून दर महिन्याच्या तीन तारखेला आता १०,५०० रुपये मुलीसाठी जातात, आणि जूनमध्ये शाळा सुरू होताना पुस्तकांचा खर्च मी वेगळा भरतो. आदेशात तो नाही, समुपदेशकांच्या त्या बैठकीत मी मुलीच्या आईला तसे सांगितले होते.